एफ आज सुट्टीवर

माझे वडील, कारभारी गुरुजी, गेल्या पौषात अंगणात दात घासता घासता खाली बसले आणि उठले ते वेगळाच माणूस होऊन. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं सगळंच गेलं. मी बुलढाण्याहून आणि माझा भाऊ हर्षल पुण्याहून पोचलो, तेव्हा ते दवाखान्यात पंख्याकडे बघत पडले होते. मी "बाबा" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याच नजरेने सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं. अशा वेळी काळजात चर्र होतं म्हणतात. मला काही झालं नाही. मी चपला घातल्या आणि खाली औषधं आणायला गेले.

तशी मी रडकी नाहीच. बुलढाण्याला कोर्टात कारकून आहे, रोज कोणी ना कोणी समोर येऊन रडतं, त्याने कातडी जाड होते. पण हे तसं नव्हतं. आत काहीतरी बंद पडलं होतं आणि ते सुरू करायची मला घाईही नव्हती. नातेवाईक म्हणत, निशिगंधा फार खंबीर आहे हो. खंबीर कसली डोंबलाची! रविवारी सकाळच्या एसटीने चिखली-मेहकर करत बीबीला, आमच्या गावी, यायचं, बाबांची दाढी करायची, नखं कापायची, चादरी धुवायच्या, आईने थापलेली भाकरी खायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. हे सगळं मी भांडी घासावीत तसं करत होते.

बाबा म्हणजे बीबीच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत हयात घालवलेला माणूस. घरी थोडी शेती, सोयाबीन-तूर, पण जीव शाळेत. मराठी शिकवायला वाघ, गणिताला वाघ. मग पहिलीपासून इंग्रजी आली आणि वाघाची शेळी झाली. त्यांना स्वतःला इंग्रजी पाचवीत भेटलेली, तीही लांबून नमस्कार करण्याइतकी. प्रशिक्षणाहून परत आले ते तोंड पाडून. चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी आम्हाला, म्हणजे पहिलीच्या वर्गाला, समोर बसवून त्यांनी फळ्यावर एक घर काढलं.

त्या घरात ए आणि टी राहायचे. नवरा-बायको. दोघंच. "दारात कोण आलं?" बाबा विचारायचे. आम्ही ओरडायचो, "बी आला!" "बसवा त्याला!" मग बी पुढे बसायचा आणि सगळा वर्ग मांडीवर थाप मारत म्हणायचा, "बी ए टी बॅट, बॅट म्हणजे वटवाघूळ. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर." पुढे एफ यायचा, एच यायचा, एम यायचा. हॅट म्हणजे टोपी, मॅट म्हणजे चटई, रॅट म्हणजे उंदीर. शेजारी ओ आणि टीचं घर, तिथे पॉट म्हणजे गाडगं, कॉट म्हणजे बाज, हॉट म्हणजे गरम. पलीकडच्या घरात ई आणि एन, त्यांच्याकडे हेन म्हणजे कोंबडी. अशी गल्लीच वसवली होती त्यांनी. प्रत्येक पाहुण्याचा अभिनय ठरलेला. वटवाघळाला हात पसरायचे, मांजराला मिशा ओढायच्या, टोपी डोक्यावर ठेवायची. गावात आज तिशीतले जे कोणी आहेत, त्यांना झोपेतून उठवून "दारात कोण आलं" म्हटलं तर "बी आला" म्हणतील.

एफचा अभिनय असा होता की गाल फुगवायचे आणि दोन्ही हात कमरेपासून लांब धरायचे. "एफ ए टी फॅट, फॅट म्हणजे जाड." पोरांचा आवडता पाहुणा.

माझी आई, रुखमाबाई, खामगावकडची, पिंपळगाव राजाची. मिरच्या-वांग्यांच्या मळ्यातली, अंगापिंडाने दणकट. नीट सांगायचं तर तेव्हा जाड होती. एकदा बाबा डबा विसरले म्हणून ती तो घेऊन शाळेत आली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली, नेमकी एफच्या वेळी. बाबा फळ्याकडे तोंड करून गाल फुगवून उभे, वर्ग तोंड दाराकडे करून बसलेला. "दारात कोण आलं?" झालंच होतं. सगळी पोरं आईकडे बघून "फॅट म्हणजे जाड!" म्हणाली आणि हसत सुटली. बाबा वळले तेव्हा आईने डबा उंबऱ्यावर ठेवला होता आणि ती निघाली होती. ती घरी काही बोलली नाही. बाबाही काही बोलले नाहीत, त्यांना माफी मागणं येतच नव्हतं. पण ती पुन्हा कधी शाळेत गेली नाही, झेंडावंदनालासुद्धा नाही.

आणि त्यानंतर घरी एक गंमत सुरू झाली. बाबा संध्याकाळी आम्हा दोघांना शिकवायला बसत. आई स्वयंपाकघरात असली की बाबा मांजरावरून थेट टोपीवर उडी मारत. मी म्हणायची, "बाबा, एफ राहिला." ते म्हणायचे, "एफ आज सुट्टीवर आहे." आई शेतात किंवा दळणाला गेलेली असली की एफ कामावर हजर. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. मास्तरांच्या घरातल्या सतरा विचित्र गोष्टींपैकी एक, एवढंच.

तर असा हा गल्लीभर पाहुणे बसवणारा माणूस आता बाजेवर गप्प पडला होता. पाणी मागता येत नव्हतं, पाणी दाखवलं तर हो-नाही सांगता येत नव्हतं. आई समोर आली काय, दूधवाला आला काय आणि भिंतीवर पाल आली काय, नजर तीच. आईने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला.

"ते मले वळखते का, एवढं सांगा डाक्टरसाहेब."

डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, "आजी, नक्की सांगता येत नाही. ओळखत असतीलही. पण कळायला मार्ग नाही."

"तुमाले बी नाही कळत?"

"नाही."

आईने पदर नीट केला आणि ती उठली. पण तो प्रश्न तिने सोडला नाही. दर रविवारी मी आल्यावर ती मला विचारायची, "काय वाटते तुले निशे, वळखते का मले?" मी म्हणायची, "मला काय माहीत." खरंच मला माहीत नव्हतं, आणि चीडही यायची. उत्तर नसलेला प्रश्न दर आठवड्याला कशाला विचारायचा?

मग होळीच्या सुमाराला एक दिवस मांजर दुधाच्या पातेल्यावर चढलं. मी मोरीतून ओरडले, "आई, मांजर!" आणि बाजेवरून खणखणीत आवाज आला, "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर."

आईच्या हातातलं उलथनं पडलं. मांजराने तेवढ्यात दूध उरकलं. आम्ही दोघी बाजेजवळ गेलो. बाबांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, पाणी?" काही नाही. "बाबा, दारात कोण आलं?" म्हटलं, तर स्वच्छ म्हणाले, "बी आला." तोच जुना आवाज, वर्गातला, मागच्या पोराला ऐकू जाईल असा. आई रडली. मी दूध पुसून घेतलं.

डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, असं होतं. पाढे, आरत्या, वर्षानुवर्षं घोकलेलं जे असतं ते मेंदूच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसलेलं असतं, ते शाबूत राहतं. त्याला बोलणं समजू नका. टेप लावल्यासारखं आहे ते. मी आईला तसंच सांगितलं. आई म्हणाली, "टेप तं टेप. आवाज तं त्याईचाच हाय ना."

आणि त्या चौथी शिकलेल्या बाईने साठीला टेकल्यावर इंग्रजी धरली. रोज बाजेसमोर पाटावर बसायची आणि विचारायची, "गुरुजी, दारात कोन आलं?" बाबा म्हणायचे, "बी आला." "बसवा त्याले." मग बी, मग सी, मग पुढची सगळी गल्ली. ते म्हणायचे, ती मागून म्हणायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. ऐकायची म्हणजे, कानावर पडायचं. आईला आशा होती की या शब्दांतूनच कधीतरी एखादा शब्द तिच्याकडे येईल. ती गरम चहा त्यांच्या हाताला लावायची आणि म्हणायची, "एच ओ टी?" ते म्हणायचे, "हॉट, हॉट म्हणजे गरम." तिचा चेहरा फुलायचा. एकदा मी मुद्दाम गार पाण्याचा पेला लावला. "हॉट म्हणजे गरम," बाबा म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पेला काढून घेतला. "तुले काय भेटलं?" ती म्हणाली. मला काही भेटलं नव्हतं, मला फक्त दाखवायचं होतं की असं आहे.

पावसाळा सरला तशी आईच सरत चालली. अंथरुणात ओला झालेला माणूस उचलायचा, बसवायचा, कुशीवर करायचा, रात्र म्हणू नका दिवस म्हणू नका. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. चोळ्या ढगळ झाल्या. दिवाळीला हर्षल आला आणि आईला बघून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. पुण्यात त्याच्या घराजवळ अशा रुग्णांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथे बोलणं शिकवणारेही असतात. त्याने जागा पाहून ठेवली होती.

"आई, तू तरी किती दिवस करशीन? तू पडली तर?" तो म्हणाला. पुण्यात दहा वर्षं राहूनही आईसमोर त्याची भाषा परत बीबीची होते, ते मला आवडतं. "तू बी चाल माह्या घरी. रोज भेटत जा त्याईले."

 आई म्हणाली, "मले वळखत असतीन तं मी त्याईले कुठी जाऊ देत नाही. नसन वळखत, तं मंग काय बीबी अन् काय पुनं. नेजो बापा."

"मंग कसं ठरवाचं?"

"तूच सांग. तू शिकलेला हायेस."

हर्षलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ने." मला ते बरोबरच वाटत होतं. डॉक्टर म्हणतो कळायला मार्ग नाही, आणि आई डोळ्यांदेखत वाळत होती. एवढं सोपं गणित होतं.  आईने उठून कपाटावरची बॅग काढली आणि फडक्याने पुसली.

न्यायच्या ठरलेल्या दिवशी मी रजा टाकून आले. हर्षलने गाडी ओट्यासमोर लावली होती, पण टायरमध्ये हवा भरून आणायची म्हणून तो ती घेऊन पुन्हा कुठेतरी गेला. आई मारुतीला नारळ ठेवायला गेली. बॅग भरलेली होती, सदरे, धोतरं, टॉवेल, बाबांचा चष्मा, जो ते आता लावत नव्हते. मी बाबांना मऊ भात भरवत होते. ते तोंड उघडत होते, मी घास देत होते. घरात दुसरा आवाज नव्हता. कंटाळून मी म्हटलं, "दारात कोण आलं?"

"बी आला."

"बसवा त्याला."

"बी ए टी बॅट, बॅट म्हणजे वटवाघूळ. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. एफ ए टी फॅट, फॅट म्हणजे जाड." आणि त्यांनी गाल फुगवला. एकच फुगला, डावा. दुसरा नुसता लोंबत राहिला. मी तोंड पुसलं आणि पुढचा घास दिला.

आई आली, मागोमाग हर्षल आला. आईने अंगारा लावला आणि ती नेहमीसारखी पाटावर बसली. "जाता जाता एकडाव म्हनून दाखवते हर्षलले," ती म्हणाली. तिला वाटत असावं की पुण्याच्या लोकांना आधीच कळलेलं बरं, हा माणूस अगदीच रिकामा नाही. "पाह्य, एक अक्षर बी सुटत नाही त्याईचं. गुरुजी, दारात कोन आलं?"

"बी आला." वटवाघूळ झालं. मांजर झालं. बाबा जरा थांबले आणि म्हणाले, "एच ए टी हॅट, हॅट म्हणजे टोपी."

"एफ सुटला," हर्षल म्हणाला.

"त्याईच्यात एफ नाही," आई ठासून म्हणाली. "इतके महिने म्हनते मी. बी, सी, एच, एम."

"हाय आई. आम्ही शाळेत म्हनत होतो. विसरले ते." हर्षलचा आवाज मऊ झाला. "म्हनूनच नेतो ना. उरलेलं बी जाईन हळूहळू."

मी भाताचं ताट हातात घेऊन तशीच उभी होते. "आत्ता म्हणाले," मी म्हटलं.

"कोन?"

"बाबा. आत्ता, तू देवळात होतीस तेव्हा. गाल फुगवून म्हणाले."

हर्षल म्हणाला, "योगायोग असन, ताई." असेल. मलाही तसंच वाटलं. पण कोर्टात राहून एक खोड लागते, एखादी गोष्ट पुन्हा तपासल्याशिवाय सोडवत नाही. मी आईला म्हटलं, जरा परसात जा. ती म्हणाली, काऊन? मी म्हटलं, जा तर. ती गेली. मी पाटावर बसले. बी आला, सी आला, एफ आला, फॅट म्हणजे जाड. आईला हाक मारली. ती येऊन बसली. बी आला, सी आला, मग बाबा थांबले, आणि टोपी. पुन्हा आईला पाठवलं, आता हर्षल बसला. एफ हजर. आई आली. एफ गायब.

पाहुणे बसवून बसवून बाबा थकले होते, त्यांचे डोळे मिटत होते. हर्षल खाली बघत होता. त्याला आठवलं होतं, मला दिसत होतं. "सुट्टीवर," तो हळूच म्हणाला.

वर्षभरात पहिल्यांदा आत बंद पडलेलं काहीतरी सुरू झालं आणि ते दुखलं. मला ते आवडलं नाही. सुन्न होते तेच बरं होतं. मी ताट खाली ठेवलं.

"काय चाललं तुमचं?" आई म्हणाली. "मले काऊन पिटाळून राह्यले?"

मी सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. ती स्वयंपाकघरात असायची, तिला वाटायचं धडा तसाच आहे. मी म्हटलं, "आई, तुझ्या देखत बाबा तो एक शब्द कधीच म्हणत नाहीत. आम्ही लहान होतो तेव्हापासून. तू समोर नसलीस की म्हणतात, असलीस की सोडून देतात."

"कोनता शबद?"

मला सांगवेना. हर्षललाही सांगवेना. पण तिने ओळखलं. तिचा हात आपोआप कमरेशी गेला, जिथे आता काही उरलं नव्हतं.

"डबा घेऊन गेली होती तो दिवस," ती म्हणाली. म्हणजे तीही विसरली नव्हती.

मग तिने पाट पुढे ओढला, अगदी बाजेला टेकवून. आपला हात बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. बांगड्या घसरून कोपरापाशी गेल्या. "गुरुजी," ती म्हणाली, "हे पाहा. मी बारीक झाली आता. खुशाल म्हना. मले राग नाही येत. दारात कोन आलं?"

बाबांनी डोळे उघडले. "बी आला," ते म्हणाले. "बी ए टी बॅट, बॅट म्हणजे वटवाघूळ. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर."

ते थांबले. खालचा ओठ दातांना लागला होता, एफसाठी लागतो तसा. तो तिथेच राहिला, मग सुटला.

"एच ए टी हॅट," बाबा म्हणाले. "हॅट म्हणजे टोपी."

आई उठली. तिने बॅग उघडली, सदरे काढून फळीवर ठेवले, मग धोतरं, मग टॉवेल. चष्मा काढून बाबांच्या उशाशी ठेवला. हर्षल तिला अडवायला गेला नाही. तो गाडीच्या किल्ल्या घेऊन नुसता उभा होता.

"रोज सांगून राह्यले होते ते मले," आई रिकाम्या बॅगेची चेन लावत म्हणाली, "अन् मी डाक्टरले पुसत होती."